बोटीवरच्या मामांचं पेंटिंग वाट्याला आलंय? किंमत काढायची ती अशी

कोकणात आणि मुंबईत अशी खूप घरं आहेत जिथे एखादे मामा नाहीतर काका बोटीवर होते. ते गेल्यावर फ्लॅट, एफडी, सोनं या सगळ्याची यादी होते पण हॉलमधलं ते पेंटिंग यादीत येतच नाही. पांढरी दाढी, तोंडात पाइप, पिवळा ऑइलस्किनचा कोट, मागे लांब कड असलेली टोपी, असा एक म्हातारा गोरा खलाशी. किंवा मग लाटांवर कललेलं शिडांचं मोठं जहाज. कोणीतरी म्हणतं अरे हे अँटिक आहे, लाखात जाईल, दुसरा म्हणतो भंगारात द्या, आणि दोघांपैकी एकानेही ते उलटं करून मागून बघितलेलं नसतं.

आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे वाचताना उगाच धडधड नको. अशी बहुतेक पेंटिंग्ज शोभेची असतात, दुकानात डझनाने मिळणारी, आणि त्यांचा भाव काही हजारांच्या पुढे जात नाही. पण "बहुतेक" म्हणजे सगळी नव्हेत, आणि त्यातलं वेगळं कुठलं हे लांबून कळत नाही. जुनं आहे म्हणून किंवा सुंदर आहे म्हणून भाव येत नाही, भाव येतो तो पेंटिंगच्या सात-बारावर: कोणी काढलं, कुठलं जहाज, कुठल्या साली, आणि तिथून तुमच्या घरी कसं आलं. हा सात-बारा तयार करणं म्हणजेच किंमत काढणं, आणि त्यातलं ऐंशी टक्के काम तुम्ही घरबसल्या करू शकता, एक्सपर्टकडे जायच्या आधीच.

सगळ्यात आधी: पुसू नका

हे पहिलं लिहितोय कारण नुकसान इथेच होतं. पेंटिंग खाली उतरवलं की घरातलं कोणीतरी ओलं फडकं घेऊन येतंच. ओलं फडकं नको, कॉलिन नको, चमक यावी म्हणून खोबरेल तेल नको, आणि नेटवर बटाट्याची फोड घासतानाचे जे व्हिडिओ फिरतात ते तर अजिबात नको. वर जो पिवळट-तपकिरी थर दिसतो ना, तो बऱ्याचदा जुनं व्हार्निश असतं किंवा मामांच्या सिगारेटी असतात, आणि ते काढायचं काम कॉन्झर्व्हेटरचं, म्हणजे जुन्या चित्रांची जपून डागडुजी करणाऱ्या जाणकाराचं. जहाजाच्या चित्रात तर डोलकाठीपासून उतरणारे ते केसासारखे बारीक दोर चित्रकार सगळ्यात शेवटी काढतो, खालचा रंग वाळल्यावर, त्यामुळे घासलं की सगळ्यात आधी जातात तेच. दोर गेलेलं जहाज लांबून छान स्वच्छ दिसतं आणि जाणकार माणूस जवळ येऊन एक नजर टाकतो आणि किंमत अर्ध्यावर आणतो.

फ्रेम जुनाट वाटते म्हणून बदलू नका, मागचा पुठ्ठा फाटलाय म्हणून काढून टाकू नका, खिळेसुद्धा राहू देत. पावसाळ्यात प्लास्टिकमध्ये गुंडाळून माळ्यावर टाकलं तर आत बुरशी धरते, त्यापेक्षा जुनी सुती चादर बरी. बबल रॅप रंगाला थेट टेकवू नका, उन्हाळ्यात त्याचे गोल गोल ठसे उमटतात, मधे साधा कागद घाला.

फोटो आणि माप

दिवसा, खिडकीजवळ, फ्लॅश बंद. समोरून पूर्ण, मागून पूर्ण, चारही कोपरे, सही, मागचं प्रत्येक लेबल, प्रत्येक शिक्का, पेन्सिलने खरडलेला प्रत्येक आकडा. मग खोलीत अंधार करून मोबाईलचा टॉर्च पेंटिंगच्या एका बाजूने, जवळजवळ पृष्ठभागाला चिकटून धरा आणि परत फोटो काढा, म्हणजे रंगाचे उंचवटे, पोपडे, जुनं ठिगळ, कॅनव्हासला पडलेला पोक सगळं दिसायला लागतं. माप सेंटीमीटरमध्ये, आधी उंची मग रुंदी, फ्रेम सोडून. फ्रेमसकट माप वेगळं लिहा. हे एकदा नीट केलं की पुढे प्रत्येकाला तेच फोटो पाठवता येतात आणि पेंटिंग घेऊन टॅक्सीत फिरावं लागत नाही.

छापील आहे की हाताने काढलेलं?

सोनाराकडे असतं तसं दहापट दाखवणारं भिंग घ्या, फार महाग नाही. चेहऱ्याच्या मऊ भागावर धरा, गालावर वगैरे. रंगीत ठिपक्यांची शिस्तीत जाळी दिसली की छापील, विषय संपला. जुन्या ओलिओग्राफमध्ये, म्हणजे तैलचित्रासारख्या दिसणाऱ्या रंगीत छपाईत, ठिपके इतके शिस्तीत नसतात आणि त्यावर कॅनव्हाससारखी वीण दाबून वर व्हार्निश मारलेलं असतं, म्हणून भलेभले फसतात. आपल्याकडे हा प्रकार नवीन नाही, राजा रविवर्म्याचा छापखाना 1894 मध्ये मुंबईत सुरू झाला आणि मग मळवलीला गेला, आणि तिथली देवादिकांची चित्रं कित्येक घरांत आजही "ओरिजिनल ऑइल पेंटिंग" म्हणून लटकतायत.

हल्लीची एक युक्ती म्हणजे कॅनव्हासवर प्रिंट मारायची आणि वरून पारदर्शक जेलचे ब्रशचे फटकारे द्यायचे. बोट फिरवू नका, टॉर्च तिरका धरून बघा. खऱ्या पेंटिंगमध्ये फटकारा आकाराबरोबर वळतो, दाढीचा केस असेल तर रंगही केसाच्या दिशेने जातो. जेलचे फटकारे नाक-डोळे-आकाश सगळ्यावरून एकाच दिशेने निघून जातात. यूव्ही टॉर्च मिळाला तर अजून मजा आहे. जुनं नैसर्गिक राळेचं व्हार्निश हिरवट धूसर चमकतं आणि नंतर केलेली डागडुजी त्यावर काळ्या डागांसारखी दिसते. मागचं कापड किंवा कागद पांढरा-निळा भक्क चमकला तर त्यात आपल्या वॉशिंग पावडरमध्ये असतात तसे ब्राइटनर आहेत, म्हणजे माल साधारण 1950 नंतरचा. समोर 1880 लिहिलेलं असलं तरी.

आता उलटं करा

माझ्या मते अख्ख्या प्रकरणातली सगळ्यात कामाची बाजू ही. समोर चित्रकार जे दाखवायचंय ते दाखवतो, मागे जे आपोआप जमा होत जातं ते खोटं बोलत नाही, किंवा निदान कमी बोलतं.

आधी लाकडी चौकट बघा. कोपऱ्यांत छोट्या लाकडी पाचरी घातल्यात का, कॅनव्हास ताणायला असतात त्या? कॅनव्हास कडेला छोट्या खिळ्यांनी ठोकलाय की स्टेपलरच्या पिनांनी? पिना असतील तर काम विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातलं असण्याची शक्यता जास्त, अर्थात जुनं पेंटिंग नंतर नव्याने ताणलेलंही असू शकतं, म्हणून एका खुणेवर निकाल देऊ नका. कॅनव्हासऐवजी गुळगुळीत तपकिरी हार्डबोर्ड असेल तर 1920 च्या दशकाआधीचं नाही कारण तो बोर्ड त्याआधी नव्हताच. फुलीवाले स्क्रू दिसले तर ते 1930 च्या दशकातले किंवा त्यानंतरचे. कॅनव्हासवर विन्सर अँड न्यूटनसारख्या लंडनच्या रंगवाल्याचा शिक्का असेल तर उत्तम, त्यावरच्या पत्त्यावरून साल काढता येतं, पण ते साल कॅनव्हासचं, चित्रकाराचं नाही. कलकत्त्यात बसून चित्र काढणाराही लंडनचाच कॅनव्हास मागवायचा.

मग लेबलं. फ्रेमवाल्याचं लेबल हा आपल्याकडचा फुकटचा कॅलेंडर आहे. पत्त्यात "बॉम्बे-1" असं एकआकडी झोन असेल तर बहुधा 1972 च्या आधीचं, कारण पिनकोड आला 15 ऑगस्ट 1972 ला. "बॉम्बे 400001" असेल तर त्यानंतरचं. इंग्रजीत "Mumbai" असेल तर 1995 नंतरचं. कलकत्त्याचं कोलकाता 2001 मध्ये झालं. लंडनच्या पत्त्यात डब्ल्यू किंवा ईसीच्या पुढे आकडा असेल तर 1917 नंतरचं, आणि अमेरिकन पत्त्यात पाच आकडी झिप कोड असेल तर 1963 नंतरचं. "वेस्ट जर्मनी" लिहिलं असेल तर 1949 ते 1990. बघा, एकही पुस्तक न उघडता किती लांब आलो.

एक खूण खास आपल्याकडची. डोंबिवलीत एका ओळखीच्यांकडे असाच पाइपवाला कॅप्टन होता, घरात समज असा की आजोबांनी युरोपातून आणला. फ्रेमच्या चारही कोपऱ्यांवर समोरून आरपार भोकं होती आणि भोकाभोवती पितळी वॉशरचा गोल हिरवट डाग. घरात कोणी चित्र असं भिंतीला स्क्रूने आवळत नाही, खिळ्याला टांगतो आपण. पण बोटीवर टांगलं तर पहिल्याच मॉन्सूनच्या समुद्रात ते खाली येईल, म्हणून केबिनमधली, मेसमधली, सलूनमधली चित्रं भिंतीला स्क्रूने पक्की केलेली असतात. म्हणजे हे पेंटिंग जहाजाचं सामान होतं आणि जहाज तोडल्यावर बाहेर आलेलं. गुजरातेत अलंगला 1983 पासून जहाजं तोडतात, त्याआधीपासून मुंबईत दारूखान्याला तोडतायत, आणि तिथे लोखंडाबरोबर खुर्च्या, दिवे, घड्याळं, पेंटिंग्ज सगळं विकलं जातं. अलंगच्या रस्त्यावर या सामानाची दुकानंच्या दुकानं आहेत. यात कमीपणा काही नाही, उलट मागे जहाजाचं नाव किंवा केबिनचा नंबर लिहिलेला सापडला तर सात-बाराला एक चांगली नोंद मिळते, फक्त "आजोबांनी पॅरिसहून आणलं" ही गोष्ट आता बंद करायची.

चित्रात कोण आहे, माणूस की जहाज

इथे तीन वाटा फुटतात.

पहिली, तो दाढीवाला नाव नसलेला खलाशी. हा कोणी खरा माणूस नसतो, हा एक ठरलेला प्रकार आहे; जर्मनी, हॉलंड, अमेरिका सगळीकडे बंदरातल्या दुकानांतून विकला गेला आणि नंतर हाँगकाँगच्या चित्रकारांनी ढिगाने काढला. 1989 पासून शेन्झेनजवळचं दाफेन गाव याच धंद्यावर उभं राहिलं, हाँगकाँगच्या एका व्यापारी चित्रकाराने तिथे कारागीर नेले आणि हाताने काढलेल्या नकला जगभर जायला लागल्या. म्हणजे "हाताने काढलंय" हे सिद्ध झालं तरी "एकमेव आहे" हे सिद्ध होत नाही. गूगल लेन्सला चेहऱ्याचा फोटो द्या. तोच डोळा मिचकावणारा म्हातारा, तीच सुरकुती, पण पाच वेगवेगळ्या सह्या घेऊन समोर आला तर समजून जा.

दुसरी, खऱ्या कॅप्टनचं किंवा जहाजमालकाचं पोर्ट्रेट, मुद्दाम बसून काढून घेतलेलं. हातात दुर्बीण, सेक्स्टंट (समुद्रावर आपली जागा काढायचं यंत्र) किंवा कंपास, टेबलावर नकाशा, मागच्या खिडकीतून त्याचं जहाज. ग्रीनिचच्या नॅशनल मेरिटाइम म्युझियममध्ये आपल्या मुंबई गोदीत जहाजं बांधणाऱ्या जमशेटजी बोमनजी वाडियांचं पोर्ट्रेट आहे, ते याच जातीतलं. असं काही घरात निघालं तर पुढचं सगळं वाचायच्या आधी ते भिंतीवरून उतरवून सुरक्षित जागी ठेवा. तिथे माणसाचं नाव लागलं की भाव बदलतो, नाव नसेल तर "एक अनोळखी नाविक" म्हणून जातं, तरीही पहिल्या प्रकारापेक्षा कितीतरी वर.

तिसरी वाट म्हणजे जहाजाचं पोर्ट्रेट, आणि मला स्वतःला यातच सगळ्यात जास्त गंमत वाटते. एकोणिसाव्या शतकात कॅमेरा बोटीवर पोचायच्या आधी आणि नंतरही बराच काळ कॅप्टन लोक बंदरात थांबले की आपल्या जहाजाचं चित्र काढून घ्यायचे. लिव्हरपूलला सॅम्युअल वॉल्टर्स (1811-1882) होते, मार्सेलला रू घराणं, कँटन आणि हाँगकाँगला चिनी चित्रकार, आणि कलकत्त्यात लाय फाँग नावाचा एक चिनी चित्रकार होता जो हुगळीत आलेल्या शिडाच्या जहाजांची चित्रं काढून त्यावर नाव आणि कलकत्ता असं घालायचा. म्हणजे भारतातल्या घरात लाय फाँग सापडणं हे स्वप्नरंजन नाही, होऊ शकतं. अमेरिकेत अँटोनिओ जेकबसन (1850-1921), मूळचा कोपनहेगनचा, आधी तिजोऱ्यांवर नक्षी रंगवायचा, मग न्यूयॉर्क बंदरात येणाऱ्या बोटी काढायला लागला आणि म्हणतात सहा हजारांच्या आसपास काढल्या. तो सहीखाली पत्ता लिहायचा, वेस्ट होबोकन, न्यू जर्सी. आज ते युनियन सिटी आहे आणि आजूबाजूला आपली मराठी माणसं भरपूर, तेव्हा तिकडे एखाद्या इस्टेट सेलमध्ये जहाज दिसलं तर उजवा-डावा खालचा कोपरा बघत चला. एवढं काढूनही जेकबसनची चित्रं हजारो डॉलरला जातात.

का जातात? कारण गिऱ्हाईक स्वतः कॅप्टन. त्याला आकाश कसं रंगवलंय याच्याशी देणंघेणं नव्हतं, पण एक दोर चुकीच्या डोलकाठीला बांधलेला दिसला तर त्याने पैसे दिले नसते. म्हणून खऱ्या जहाज-पोर्ट्रेटमध्ये समुद्र कधीकधी अगदी साचेबद्ध, लाटा एकासारख्या एक, आणि जहाज मात्र बिनचूक असतं: पूर्ण बाजूने दाखवलेलं, सगळे झेंडे वाचता येतील असे फडकणारे. शोभेच्या चित्रात नेमकं उलटं. लाटा जबरदस्त, सूर्यास्त केशरी, आणि दोर कुठून सुटतात कुठे जातात कोणाला माहीत, शिडं एका दिशेला फुगलेली आणि झेंडे भलतीकडे उडतायत. वाऱ्याची दिशा तपासा, ही परीक्षा शाळेतलं पोरगंही करू शकतं. आणि अजून एक, जहाज जुनं म्हणजे चित्र जुनं नव्हे. "कटी सार्क" 1869 चं जहाज आहे पण त्याची चित्रं काल दुपारपर्यंत काढली गेलीयत.

झेंडे वाचायला शिका, तिथेच साल लपलेलं असतं. युनियन जॅकमध्ये तिरपी लाल फुली नसेल तर 1801 च्या आधीचा देखावा. ब्रिटिश व्यापारी जहाजावर लाल निशाण. आरमारात मात्र 1864 पर्यंत लाल, पांढरं, निळं तिन्ही चालायची, नंतर पांढरं एकच. अमेरिकन झेंड्यावर 48 तारे म्हणजे 1912 ते 1959. कंपनीचा झेंडा वेगळा, उदाहरणार्थ निळा, पांढरा, लाल, पिवळा असे चार त्रिकोण म्हणजे पी अँड ओ. काळ्या धुराड्यावर दोन पांढरे पट्टे म्हणजे बीआय, ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन, ज्या कंपनीत कोकणातली कितीतरी माणसं खलाशी, भंडारी (बोटीवरचे स्वयंपाकी), आगवाले म्हणून होती. आणि एका दोरीवर चार छोटे झेंडे ओळीने असतील तर तो जहाजाचा कोड आहे, 1857 पासून ही पद्धत आली. ती चार अक्षरं ओळखून मर्कंटाइल नेव्ही लिस्टमध्ये शोधली की जहाजाचं नाव, बांधणीचं साल, बंदर, मालक सगळं मिळतं. ही लिस्ट आणि लॉइड्स रजिस्टर, दोन्हींचे जुने अंक स्कॅन होऊन नेटवर फुकट आहेत. एक संध्याकाळ घालवा. अनामिक चित्राला नाव मिळालं की ज्याला ते जहाज हवंय असं गिऱ्हाईक तयार होतं, आणि भाव शेवटी गिऱ्हाइकाचा असतो.

सही

सहीवर लोक सगळ्यात जास्त वेळ घालवतात आणि मी सगळ्यात कमी घालवायला सांगीन. शोभेच्या पेंटिंगवर सही असतेच, कारण गिऱ्हाइकाला ती लागते, आणि ती बऱ्याचदा बनवलेलं इंग्रजी किंवा इटालियन नाव असतं ज्याच्यामागे माणूसच नाही. भिंगातून बघा: सही रंगाच्या भेगांमध्ये उतरलेली असेल, म्हणजे भेगा आधी पडल्या आणि सही नंतर आली, तर सरळ संशय घ्या. खरी असेल तर भेग सहीलाही कापून जाते. नाव वाचता आलं तर इनव्हॅल्युएबल, लाइव्हऑक्शनीअर्स, म्युच्युअलआर्ट या लिलावांच्या साइटवर टाका. काहीच सापडलं नाही तर निराश होऊ नका आणि "दुर्मिळ चित्रकार आहे" असा अर्थही काढू नका.

घरातले कागद

मामांची सीडीसी, म्हणजे खलाशाचं नोकरीचं नोंदपुस्तक, शोधा, त्यात कुठल्या बोटीवर कधी चढले कधी उतरले सगळं शिक्क्यानिशी असतं. मामी म्हणत असतील की हँबुर्गला घेतलं, आणि सीडीसीत 1974 मध्ये हँबुर्गला जाणारी बोट दिसली, तर ऐकीव गोष्टीला कागदाचा टेकू मिळाला. जुने अल्बम चाळा, कोणाच्या तरी बारशाच्या फोटोत मागे भिंतीवर ते पेंटिंग दिसतं, तो फोटो म्हणजे तारखेचा पुरावा. पावती, कस्टमची चिठ्ठी, पत्रं, काहीही. मामी आहेत तोवर त्यांना विचारून मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवा, आणि वहीत दोन रकाने करा: कागद आहे ते एकीकडे, नुसतं ऐकलंय ते दुसरीकडे. दोन्हीची सरमिसळ करून जाणकारासमोर गेलात की तो कागदावरही विश्वास ठेवत नाही.

आकडा कुठून आणायचा

ईबेवर कोणी अडीच हजार डॉलर लावलेत म्हणजे तेवढ्याला विकलं असं नाही. "सोल्ड" फिल्टर लावून विकलेलेच भाव बघा. तोच चित्रकार, तसाच विषय, जवळपास तेच माप, तसाच माध्यमप्रकार आणि गेल्या चार-पाच वर्षांतला व्यवहार, असे तीन-चार मिळाले तरी बास. लिलावातला आकडा हातोडा पडतानाचा आहे की वर खरेदीदाराचं प्रीमियम (लिलावघर घेणाऱ्याकडून वर घेतं ते) धरून आहे हेही बघा, आणि विकणाऱ्याच्या हातात यातलं काहीच पूर्ण येत नाही, कमिशन, फोटो, वाहतूक वजा होते. दाढीवाल्या अनामिक खलाशाचे विकलेले भाव बघाल तर परदेशातही सर्रास शंभर-दोनशे डॉलरच्या आत दिसतील, आणि आपल्या चोरबाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात तर दुकानदार चित्रापेक्षा फ्रेमकडे आधी बघतो.

आणि "किंमत" कसली हवीय ते आधी ठरवा. इन्शुरन्ससाठीचा आकडा सगळ्यात वर असतो कारण तसंच दुसरं दुकानातून आणायला किती लागतील हे त्यात धरतात. बाजारभाव त्याच्या खाली. दुकानदार रोख देईल तो अजून खाली, त्याला वर विकायचंय. भावाबहिणींत वाटणी करताना बाजारभाव धरा, इन्शुरन्सचा आकडा धरला की ज्याला पेंटिंग हवंय तो विनाकारण बुडतो आणि दिवाळीला बोलाचाली बंद.

कोणाला दाखवायचं

मुंबईत सॅफ्रॉनआर्ट, पुंडोल्स, अस्तागुरू ही लिलावघरं आहेत, फोटो मेलवर पाठवता येतात. त्यांचा भर भारतीय चित्रकलेवर, त्यामुळे शोभेचा खलाशी ते नम्रपणे नाकारतील, आणि ते नाकारणं हीसुद्धा एक माहितीच आहे, फुकट मिळालेली. जहाजाचं जुनं पोर्ट्रेट असेल तर लंडनला बॉनहॅम्स किंवा फक्त सागरी वस्तूंचेच लिलाव करणारे चार्ल्स मिलर यांना फोटो दाखवून मत घेता येतं, पेंटिंग पाठवायचं नाही, फक्त फोटो, त्याचं कारण खाली येतंय. म्युझियमवाले किंमत सांगत नाहीत, त्यांना विचारून त्यांना अडचणीत टाकू नका. पण दुरुस्तीबद्दल छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं कला-संवर्धन केंद्र किंवा इन्टॅक या वारसा जपणाऱ्या संस्थेचे लोक यांच्याशी बोलता येतं.

लेखी मूल्यांकन करून घेणार असाल तर फी ठरावीक रकमेत ठरवा, किमतीच्या टक्क्यात नको. आणि जो किंमत सांगतोय तोच "मी घेतो ना" म्हणायला लागला तर चहा पाजून वाटेला लावा. रिपोर्टमध्ये माप, माध्यम, अवस्था, कुठल्या प्रकारची किंमत, कुठल्या तारखेची, आणि कशाशी तुलना केली हे सगळं हवं. नुसता आकडा आणि सही म्हणजे रिपोर्ट नव्हे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, चार-पाच हजारांच्या पेंटिंगसाठी दहा हजारांचा रिपोर्ट करू नका, हे सांगावं लागतं हो.

कायदा आणि टॅक्स

भारतात शंभर वर्षं किंवा त्याहून जुनं पेंटिंग 1972 च्या पुरावशेष कायद्यात येतं, आणि ते इंग्रजाने काढलंय की भारतीयाने याने फरक पडत नाही. असं चित्र खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही, शिक्षा सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि दंड. त्यामुळे 1890 च्या जहाजाला लंडनमध्ये कितीही भाव असो, तो भाव तुमच्यासाठी नाही, तुमची बाजारपेठ भारतातलीच. अमेरिकेतली बहीण "मी बॅगेतून नेते" म्हणाली तर तिला हे वाचायला द्या. शंभर वर्षांचं नसेल पण जुनं दिसत असेल तर बाहेर पाठवण्याआधी पुरातत्त्व खात्याकडून ते पुरावशेष नाही असा दाखला घ्या, विमानतळावर वाद घालण्यापेक्षा ते सोपं. शंभरीच्या पुढच्या पेंटिंगची पुरातत्त्व खात्याकडे नोंदणीही करावी लागते आणि अशा वस्तूंचा धंदा करणाऱ्याकडे लायसन्स लागतं, तेव्हा विकताना दुकानदाराचं लायसन्स बघायला मागा, लाजू नका.

वारसाहक्काने मिळाल्याबद्दल टॅक्स नाही, तो कर 1985 मध्येच गेला. पण विकलं की कॅपिटल गेन लागू शकतो. घरातल्या बाकी वस्तूंना जी सूट आहे ती पेंटिंगला 2007 च्या फायनान्स अ‍ॅक्टने काढून घेतली. मामांनी घेतलेली तारीख आणि किंमत तुमची म्हणून धरतात, त्यामुळे बहुतेक वेळा लाँग टर्मच होतं, 23 जुलै 2024 पासूनच्या विक्रीला दर साडेबारा टक्के, इंडेक्सेशन (महागाईप्रमाणे मूळ खर्च वाढवून धरणं) नाही. 1 एप्रिल 2001 च्या आधी घेतलेलं असेल तर त्या तारखेची बाजारभावाची किंमत मूळ खर्च म्हणून धरता येते. म्हणून पेंटिंग खरंच मोलाचं निघालं आणि रिपोर्टवर पैसे घालणारच असाल, तर त्याच माणसाकडून दोन तारखांचे आकडे मागा, आजचा आणि 1 एप्रिल 2001 चा, आणि दोन्ही सीएकडे द्या, विक्रीचा करार व्हायच्या आधी.